प्रदर्शनवस्तू क्रमांक बत्तीस

कारखान्यात पाळणाघर होते, याबद्दल व्यवस्थापन आणि कामगार संघटना यांच्यात संपूर्ण एकमत होते. प्रश्न एवढाच उद्भवला, की त्यात बाळ ठेवता येईल का.

तो उपस्थित केला शर्टाच्या कॉलरी शिवणाऱ्या एका बाईने. तिची लेक पाच महिन्यांची. सासूबाई दिवसातून दोनदा तिला दुधासाठी फाटकापर्यंत आणत, पण आता त्यांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला होता. बाटलीला तोंड लावायचे नाही, असा लेकीचा निर्धार होता. तो घरातल्या प्रत्येकाने मोडून पाहिला होता. पहिल्या तारखेपर्यंत सोय झाली नाही तर कॉलरवालीला काम सोडावे लागणार होते.

व्यवस्थापकांनी अत्यंत आपुलकीने सांगितले, की खोली सव्वीस वर्षांपूर्वीच देऊन टाकली आहे, किल्ली संघटनेकडे असते.

संघटनेचे सरचिटणीस, ज्यांना सगळे ठरावकाका म्हणत, स्वतः किल्ली घेऊन आले. खोलीत लढ्याचा इतिहास मांडलेला होता. फाटकासमोर एक्केचाळीस दिवस धरलेले फलक, घोषणा देऊन देऊन घसा बसलेला कर्णा, संस्थापक अध्यक्षांची उजवी चप्पल (डावी लाठीमारात कामी आली). आणि मधोमध एक नवाकोरा पाळणा.

"काका, मग हिला ठेवू ना यात?"

काका दचकले. "अगं, ही मान्य झालेली मागणी आहे. ती पुन्हा मागायची म्हणजे मान्य झालीच नव्हती असं होतं. ज्यांनी एक्केचाळीस दिवस उन्हात काढले, त्यांना काय तोंड दाखवायचं?"

त्यांच्यापैकी एक अजून कारखान्यात होती: काजाच्या मशीनवरची मावशी. तेव्हा तिचा मुलगा तिच्या मांडीवर होता. करारावर सह्या होईपर्यंत तो चालायला लागला आणि इतिहास मांडून होईपर्यंत शाळेत गेला. मावशीने निरोप धाडला, की मला तोंड नका दाखवू, खोली मोकळी करून दाखवा.

काका मनाने वाईट नव्हते. दुसऱ्या पाळणाघराची मागणी कर, असे त्यांनी सुचवले. त्यासाठी पहिले अपुरे पडते हे सिद्ध करणे भाग होते. नोंदवही काढली. सव्वीस वर्षांत एकही बाळ न आल्यामुळे पाळणाघर अपुरे तर नाहीच, उलट मुबलक आहे, असा निष्कर्ष निघाला.

मग उपसमिती बसली. संघटनेच्या जागेचा लाभ सभासदालाच घेता येतो, हे तिच्या ध्यानात आले. सबब बाळाला सभासद करून घेण्यात आले. अर्जावर अंगठा घेताना तिने शाई चाटून पाहिली व ती हसली. हा भाग इतिवृत्तातून वगळला. पुढच्याच सभेत, दिवंगत नेत्यांसाठी सगळे स्तब्ध उभे असताना, नव्या सभासदाने भोकाड पसरले. कारणे दाखवा नोटीस निघाली. आईने उत्तरात एकच शब्द लिहिला: भूक. हे कारण आपण जुन्या कागदांत कुठेतरी वाचले आहे, असे उपसमितीला वाटले, पण संदर्भ सापडला नाही.

पहिल्या तारखेला दोन दिवस उरले, तेव्हा तोडगा निघाला. खोलीत फक्त प्रदर्शनाच्या वस्तू ठेवता येतात ना? मग बाळाला वस्तू करावे. सकाळी लेक पाळण्यात निजली आणि वर पाटी लागली: "क्र. ३२. कामगाराचे बाळ (प्रातिनिधिक)." काकांना गहिवरून आले.

दुधाच्या वेळी कॉलरवाली आली, तर काका दारात आडवे. वस्तूंना हात लावायचा नसतो.

"काका, मी आई आहे तिची."

"भावना समजतात गं. पण उद्या जो तो नातं सांगत आला तर?"

आत वस्तू मुठी आवळून रडत होती. मावशीने आपले मशीन बंद केले. शेजारणीने तिचे केले. बघता बघता अख्खी ओळ थांबली आणि इतकी शांतता पसरली, की ते रडणे व्यवस्थापकांच्या बंद केबिनमध्ये पोचले. ना फलक, ना घोषणा; हा प्रकार कोणत्या कलमात बसवावा, काकांना कळेना. ते आठवत असतानाच मावशीने त्यांना दंडाला धरून अलगद बाजूला सरकवले आणि आई आत गेली. सातव्या मिनिटाला व्यवस्थापन आणि संघटना यांनी संयुक्त पत्रक काढले: दूध पाजणे हे प्रात्यक्षिक समजावे.

कॉलरवालीचे काम टिकले. क्रमांक तेहेतीस ते पस्तीसही दाखल झाले. आता बाहेरून माणसे पाहायला येतात आणि दाराशी अभिप्रायाच्या वहीत लिहितात: अंगावर काटा आला. डोळे पाणावले. असा लढा पुन्हा होणे नाही.

मावशीने त्या वहीत स्वतःच्या हाताने एक जादा रकाना आखला आहे: तुमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईचं बाळ आत्ता कुठे आहे?

वही भरत आली, तो रकाना कोरा आहे. तुम्ही इथवर वाचलेत, तुमचेही डोळे पाणावले असतील. पेन तिथेच दोरीने बांधलेले आहे.