यू-टर्न नवव्या दिवशी

आठ महिन्यांपूर्वी वडील गेले तेव्हा ड्रायव्हिंग स्कूलचे सर रडले नाहीत. त्यांना सवडच मिळाली नाही. दाखले आणणं, सह्या करणं, नातेवाइकांना स्टेशनवरून आणून पुन्हा पोचवणं हे सगळं त्यांच्याकडेच होतं, कारण गाडी त्यांची होती. सगळे म्हणाले, थोरला खंबीर आहे हो. आणि माणूस खंबीर आहे असं एकदा ठरलं की पुढे त्याला कुणी काही विचारत नाही.

मग हळूहळू सरांची झोप उडाली. भूक गेली. सिग्नल हिरवा झाला तरी ते नुसते समोर बघत बसू लागले. शिकवणाऱ्यानंच असं करणं धंद्याला बरं नव्हे, म्हणून ते डॉक्टरांकडे गेले. रक्तदाब, छाती, सगळं ठणठणीत निघालं. डॉक्टर म्हणाले, "औषधाचं नंतर बघू. आधी कुणाशी तरी मोकळेपणानं बोला."

सरांनी हे काम मनावर घेतलं. सुरुवात बायकोपासून केली. "मला हल्ली आतून बरं वाटत नाही," एवढं म्हणेपर्यंत तिनं पित्ताची गोळी आणि पाणी पुढे केलं. मग धाकट्या भावाला फोन लावला. तो म्हणाला, अरे, मीच तुला करणार होतो, माझ्या गाडीचा क्लच घासतोय. पस्तीस मिनिटं क्लचवर चर्चा झाली आणि फोन ठेवताना भाऊ म्हणाला, तुझ्याशी बोलून बरं वाटलं. जुन्या मित्राला गाठलं, तर त्यानं सरांच्या दुःखापेक्षा मोठं दुःख काढलं, आणि सरांनाच त्याची समजूत घालावी लागली. त्यानंतर सरांनी तो नाद सोडला.

सकाळी सात चाळीसच्या तासाला एक निवृत्त मुख्याध्यापिका येत. वय बासष्ट. सर त्यांना बाई म्हणत आणि थोडे घाबरत. सरांच्या अभ्यासक्रमात पहिले पाच दिवस सरळ रस्ता होता, सहाव्या दिवशी डावं वळण, सातव्या दिवशी उजवं आणि यू-टर्न नवव्या दिवशी. परतताना सर स्वतः चालवत. बाईंनी हे सगळं वहीत उतरवून घेतलं होतं आणि वहीबाहेर त्या जात नसत.

पाचव्या दिवशी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये आल्यावर बाईंनी विचारलं, "सर, तुम्हाला बरं नाही का?"

"ठीक आहे. तुम्ही आरशात बघत राहा."

"बघतेय. त्यात तुम्हीच दिसता."

"मग आरसा चुकीचा लागलाय, बाई."

"तो नंतर लावू," बाई म्हणाल्या. "काय झालंय?"

आता बाईंचे दोन्ही हात स्टीअरिंगवर होते, त्यामुळे त्या गोळी देऊ शकत नव्हत्या. डोळे रस्त्यावर होते, त्यामुळे सरांकडे बघत नव्हत्या. सरांना वाटलं, बोलून टाकावं.

"त्या दिवशी सकाळी मी बूट घालत होतो," ते म्हणाले. "वडील म्हणाले, जरा बस. मी म्हटलं, बॅच आहे, संध्याकाळी बसतो." त्यांनी हात लांबवून आरसा सरळ केला. "संध्याकाळी ते नव्हते."

आणि आठ महिने तुंबलेलं रडणं एकदम बाहेर आलं. शिकवणीच्या गाडीला सरांच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. प्रत्येक हुंदक्याला सरांचा पाय त्यावर पडे. गाडी कचकन अडली की बाईंना वाटे आपलंच चुकलं, आणि त्या ॲक्सिलरेटर दाबत. बाईंनी दोनदा विचारलं, थांबू का. सर म्हणाले, "जाऊ द्या." सरांना म्हणायचं होतं, सोडून द्या. बाईंनी गाडी जाऊ दिली. बाजार गेला, पेट्रोल पंप गेला, गोदामं गेली, शहर संपलं.

बाविसाव्या किलोमीटरला नाक्यावर पोलिसानं गाडी बाजूला घ्यायला लावली. आत डोळे सुजलेला धिप्पाड माणूस आणि घामाघूम झालेल्या बाई पाहून त्यानं बाईंना विचारलं, "काय केलंत यांना?"

"काही नाही. ते बोलतायत, मी ऐकतेय."

"वीस वर्षं ड्यूटी करतोय," पोलीस म्हणाला. "शिकणारे रडताना पाहिलेत. शिकवणारा आजच पाहिला."

सर म्हणाले, परत मी चालवतो. अशा अवस्थेत चालवता येणार नाही, असं पोलिसानं सांगितलं. बाईंकडे शिकाऊ लायसन्स होतं, पण त्या म्हणाल्या, नववा दिवस यायचाय. म्हणजे गाडी आता फक्त पुढेच जाऊ शकत होती. शेवटी पोलिसानं टपावरच्या पाटीवरचा नंबर लावला. तो घरचा होता आणि नावनोंदणीचे फोन सरांची बायको घेई. पोलिसानं थोडक्यात सांगितलं की तुमचे मिस्टर नाक्यावर आहेत, एका बाईबरोबर आहेत, खूप रडलेत, घेऊन जा.

बायको स्कूटरवरून अर्ध्या तासात पोचली. वाटेत तिनं बोलायचं बरंच काही ठरवलं होतं. पण बाईंचे पांढरे केस आणि मांडीवरची वही पाहून त्यातलं काहीच उपयोगाचं उरलं नाही. बाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, त्यांना वडिलांबद्दल बोलायचं होतं. ते बायकोला जास्त लागलं. स्कूटर पोलिसाच्या ताब्यात ठेवून तिनं स्वतः गाडी वळवली. मागे बसलेल्या बाईंनी यू-टर्न वहीत टिपून घेतला.

घरी आल्यावर ती म्हणाली, "मला का नाही सांगितलंत?"

"सांगायला घेतलं होतं. तू गोळी दिलीस."

"आणि तुम्ही ती घेतलीत. मला वाटलं, तेवढंच होतं."



दुसऱ्या दिवशी सर सात चाळीसला खाली उतरले, तर स्टीअरिंगवर बायको बसलेली. बाईंना तिनं साडेआठला बोलावलं होतं.

"तुला येते की गाडी," सर म्हणाले.

"येते. बसा." तिनं पट्टा लावला. "मी समोर बघते. तुम्ही बोला."

साडेआठला बाई येऊन फाटकाशी उभ्या राहिल्या. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. पावणेदहाला गाडी परत आली तेव्हा चालवत सर होते आणि शेजारी बायको पदरात तोंड खुपसून रडत होती. सासऱ्यांचं आजारपण तिनंच काढलं होतं. तिलाही आजवर कुणी काही विचारलं नव्हतं.

सर घाईघाईनं खाली उतरू लागले. बाईंनी त्यांना हातानं थांबवलं, मागचं दार उघडून आत बसल्या आणि वही मिटली.

"होऊ द्या त्यांचं सावकाश," त्या म्हणाल्या. "मला डावं वळण उद्या चालेल."