सहाशे बारा पावलं

सबनीसांच्या खिशात ओळंबा असतो. इथे अमेरिकेत, शुगर लँडमध्ये, लोकांच्या खिशात गाडीची किल्ली असते, फोन असतो. या माणसाच्या खिशात दोरीला बांधलेलं पितळी वजन. नागपूरला सरकारी बांधकाम खात्यात होते, त्यातून अजून सुटलेले नाहीत.

माझ्या वास्तुशांतीला त्यांनी तो चाळीस पाहुण्यांसमोर माझ्याच दाराच्या चौकटीला लावला. "गायकवाड, पाव इंच बाहेर आहे हो." मी पेट्रोल पंपावर उभा राहून सुरुवात केली, ग्रॅनाइटचा धंदा उभारला, बिल्डरला सहा महिने पिळून हे घर घेतलं, आणि हे मला ऐकवणार! चार वर्षं झाली. विसरलेलो नाही.

तरी शेजार सांभाळला. यंदा त्यांची रेवा आणि माझी सई कॉलेजच्या एकाच वर्गाबरोबर सेमिस्टरभर फ्रान्सला गेल्या. एक दिवस वर्गाची सहल तिथल्या जुन्या राजवाड्याच्या बागेत होती. सबनीसांनी रेवाला फोन लावून हुकूम सोडला, "झाडं एका रेषेत आहेत का बघ. कारंज्यापासून कालव्यापर्यंत पावलं मोज. मोठ्याने मोज." पोरगी मोजत निघाली, सई तिच्या सोबतीला. वर्ग दुसऱ्याच फाटकातून बाहेर पडला आणि बस निघून गेली. प्रोफेसरबाईंनी दोघींच्या पुढच्या दोन सहली रद्द केल्या. मी फोनवर तासभर घासाघीस करून त्या एकीवर आणल्या. पण माझ्या मुलीची एक सहल गेलीच, आणि ती या माणसाच्या मोजमापापायी.

शनिवारी सकाळी मी भांडायलाच गेलो. सबनीस मागच्या अंगणात होते. कुंपणालगत फेऱ्या मारून मारून गवतात वाट पडली होती.

"तुम्हाला फ्रान्समध्ये काही बांधायचंय का हो?" मी आवाज चढवला. "ती बाग तुमच्या ओळंब्याशिवाय शेकडो वर्षं उभी आहे!"

"माझं चुकलं," ते म्हणाले. या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "दहा दिवस झाले, रेवा फोन उचलत नाही."

"मग कशाला हवी होती ती पावलं?"

"पावलं नकोच होती हो." त्यांनी खिशातून ओळंबा काढला आणि दोरी बोटाला गुंडाळत बसले. "एरवी 'फाइन बाबा, बाय बाबा', की संपलं. मोजायला लावलं की बोलत राहते. ती तिकडे मोजत होती, मी इथे तिच्या आकड्याला एकेक पाऊल टाकत होतो. सहाशे बारापर्यंत आम्ही बरोबर चाललो. मग वर्ग दिसेना, आणि ती रडायला लागली."

घरून चांगल्या निवडक शिव्या घेऊन निघालो होतो. त्यातली एकही निघाली नाही. "पुढच्या वेळी जेवलीस का विचारा," एवढंच म्हणालो. "त्याने बस चुकत नाही."

घरी आलो. दारात थांबून चौकट पाहिली. मेली खरंच बाहेर आहे.

सईला फोन लावला.

"फाइन बाबा," ती म्हणाली. पुढचे दोन शब्द मला ठाऊक होते.

"थांब गं. तुझ्या खोलीपर्यंत पायऱ्या किती आहेत?"

"बाबा, प्लीज! नॉट यू ऑल्सो!" तिने फोन ठेवला.

खिडकीतून पाहिलं. सबनीस फोन कानाला लावून कुंपणालगत चालत होते. ओठ हलत नव्हते, नुसती मान डोलत होती. म्हणजे रेवा बोलत होती.