डाव्या मडगार्डचा बोल्ट

आमच्या शेजारचे भानुदासनाना सकाळी चहाच्या आधी स्क्रू ड्रायव्हर कानाला लावतात. टोक ट्रॅक्टरच्या चालू इंजिनावर, मूठ कानावर आणि डोळे मिटलेले. देवळाली प्रवरात नवीन राहायला आलो तेव्हा मला वाटलं, गृहस्थ जप करतायत. थोड्या वेळानं डोळे उघडून ते मला म्हणाले, "दोन नंबरचा टॅपेट कुरकुरतोय, पाहुण्या जावयागत." मग इंजिन बंद करून ओसरीवर वर्तमानपत्र अंथरलं आणि पेटीतून पाने काढले.

ट्रॅक्टर लहानसा, डाळिंबाच्या दोन ओळींमधून अंग चोरून जाईल एवढा. वयानं माझ्या थोरल्या मुलीपेक्षा मोठा. त्याचे बरेचसे भाग आता कुठल्याच दुकानात मिळत नाहीत, पण नानांचं काही अडत नाही. इंजिनाचं पॅकिंग ते लग्नपत्रिकांचं कापतात. गावात कुणाचीही पत्रिका आली की नाना नावं वाचत नाहीत, आधी कागद चिमटीत धरून बघतात. "पत्रिका चांगली हाय. ऑईल धरंल," म्हणाले की समजायचं, नाना लग्नाला जाणार. पातळ पत्रिकावाल्यांकडे नानांच्या बायको, मथुराकाकू, एकट्या जाऊन येत.

नानांचं एकच तत्त्व आहे, "आदी ऐकायचं, मग पाना लावायचा." ते फक्त ट्रॅक्टरला लागू असतं तर ठीक होतं. त्यांनी आमचा मिक्सर ऐकलाय, फ्रीज ऐकलाय. एकदा मला खोकला झाला तर माझी छातीसुद्धा ऐकली आणि गंभीरपणे म्हणाले, "गुरुजी, हवा धरलीय. डॉक्टरकडं जावा, हे आपल्या हत्याराचं काम न्हाई." डॉक्टरांनी निराळं काही सांगितलं नाही.

त्यांच्या भाचीला बघायला पाहुणे आले होते, तेव्हाची गोष्ट. मंडळी आत पोहे खात होती आणि नाना अंगणात नवऱ्या मुलाच्या मोटारसायकलपाशी उकिडवे बसलेले. आत येऊन सगळ्यांदेखत म्हणाले, "ऑईल पार डांबर झालंय. रोज मांडीखाली असती तिच्याकडं जो बगत न्हाई, तो पोरीकडं काय बगनार?" स्थळ मोडलं. बहीण वर्षभर बोलत नव्हती. भाची मात्र आजही दिवाळीला सगळ्यांत आधी मामाकडे येते.

नानांच्या या संसारात मथुराकाकूंची पितळी परात एकदा डिझेलमध्ये नट धुवायला म्हणून गेली, ती कायमचीच. काकूंनी दुसरी घेतली आणि तिच्यावर स्वतःचं नाव घालून आणलं. गेल्या तीन वर्षांत काकूंची नजर गेली. आता उजेड आणि अंधार तेवढा कळतो. पण भाकरी अजून त्याच थापतात, आणि ती काठाला जराही चिरत नाही. दुपारभर ओसरीवर बसून असतात. नाना वावरात, काकू ओसरीवर, मध्ये पाण्याची चारी आणि तिच्यावरचा छोटा पूल.

एवढ्या नीटनेटक्या ट्रॅक्टरमध्ये एक खोट होती. डावं मडगार्ड सारखं खडखडायचं. आता मी पडलो मास्तर, दुसऱ्याची चूक दिसली की माझा हात लाल पेनाकडे जातो. नानांना मी नेहमी चिडवायचो, की टॅपेटची कुरकुर ऐकणाऱ्या कानाला ही खडखड कशी ऐकू येत नाही? ते हसून म्हणायचे, "वाजू द्या, गुरुजी." मला मनातून बरं वाटायचं. म्हणजे नानांनाही एक गोष्ट सापडलेली नव्हती.

गेल्या महिन्यात ती मला सापडली. दुपारी मी सहज वावरात गेलो होतो. ट्रॅक्टर बांधाला उभा करून, बॅटरी चार्ज व्हावी म्हणून इंजिन चालूच ठेवून आणि मला राखणीला बसवून नाना लांब पलीकडे पाणी वळवायला गेले. मी मडगार्ड हलवून पाहिलं. एक बोल्ट चांगला दीड आटा ढिला होता. नानांच्याच पेटीतला पाना घेतला आणि दात-ओठ खाऊन आवळला. आयुष्यातली माझी पहिली दुरुस्ती. नाना पाऊण तासानं परतले. मी मनात म्हटलं, त्यांचं त्यांनाच कळू दे.

त्यांनी वर चढून ट्रॅक्टर दहा पावलं नेला आणि थांबवला. खाली उतरून बोल्टवर बोट ठेवलं.

"कवा आवळला?"

"तुम्ही पाण्याकडं गेलात तेव्हाच," मी अभिमानानं म्हणालो.

नाना घराकडे पळत सुटले. इंजिन चालूच राहिलं. चालू इंजिन सोडून जाणाऱ्याला ते माणसांत धरत नाहीत, म्हणून मीही घाबरून मागे धावलो.

काकू चारीच्या काठावर होत्या. अनवाणी, एक हात कुंपणाच्या तारेवर, आणि पुढचं पाऊल पूल चाचपडत होतं. तारेनं तळहात फाटला होता. नानांनी त्यांचं मनगट धरलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "बाकी समद्यांचे टॅक्टर वाजत हुते. तुमचा न्हवता. मला वाटलं, पडले कुटं तरी."

मला कुठे तोंड लपवावं कळेना. नाना रागावले असते तर बरं झालं असतं. ते धोतराच्या सोग्यानं काकूंचा तळहात पुसत राहिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "गुरुजी, आदी ऐकायचं."

संध्याकाळी दुरुस्तीची दुरुस्ती झाली. हाताला पट्टी बांधून काकू ओसरीवर बसल्या, मी शेजारी उभा. जमलं की मी हात वर करायचा, असं ठरलं. नानांनी बोल्ट एक आटा ढिला करून ट्रॅक्टर पुलावरून नेला. काकू म्हणाल्या, "न्हाई. ह्यो दुसऱ्याच कुनाचा." आणखी एक आटा. "आता लई वाजतोय, नाटकी वाटतोय." नाना पुन्हा उतरले. टॅपेटला लावतात तितक्याच हलक्या हातानं त्यांनी पाना लावून बोल्ट अर्धा आटा आवळला आणि पुन्हा पुलावर चढले.

या वेळी काकू काहीच बोलल्या नाहीत. मी वाट बघत उभा. त्या उठल्या, भिंतीला हात लावत आत गेल्या, आणि चुलीवर तवा ठेवल्याचा आवाज आला.

पुलापलीकडे नाना पाना घेऊन माझ्याकडे बघत उभे होते. मी हात वर केला.