गोटीरामचा एकच खेळ

हेडमास्तर क्षेमकल्याणी मुंबईहून परत आले ते एक व्याख्यान ऐकून आले. व्याख्यान देणारे गृहस्थ विलायतेत राहून आलेले होते. हिंदुस्थानातली मुले खेळात मागे का पडतात, तर ती सगळेच खेळ खेळतात म्हणून, असे त्यांनी सांगितले होते. हेडमास्तरांना हे इतके पटले की गाडीत कसाऱ्याचा घाट कधी चढून झाला हेही त्यांना कळले नाही.

सोमवारी प्रार्थना संपताच त्यांनी तो विचार शाळेपुढे मांडला.

"यापुढे या शाळेत एक मुलगा, एक खेळ. जो क्रिकेट खेळेल त्याने फुटबॉलला पाय लावायचा नाही. जो हुतूतू खेळेल त्याने बॅटीकडे पाहायचं नाही. समजलं?"

मुलांना समजले. बहुतेकांना त्याने काही फरक पडत नव्हता, कारण ती एकही खेळ धड खेळत नव्हती. अडचण फक्त इंग्रजी सहावीतल्या गोटीराम विधातेची होती.

गोटीराम मखमलाबादच्या वाटेवरच्या माळ्यांचा मुलगा. घरी आई नवसाबाई, एक विहीर, एक बैलजोडी आणि वांगी-मेथीचा मळा. सकाळी मोट हाकायची, मग नदीत, म्हणजे गावच्या गंगेत, डुंबायचे, मग शाळा, आणि शाळा सुटली की समोर जो खेळ दिसेल त्यात शिरायचे, असा त्याचा दिवस जाई. हुतूतूत तो चढाईला आला की समोरची मुले आपणहून वाट देत. त्याने मारलेला फुटबॉल आणायला एक मुलगा पलीकडच्या पेरूच्या बागेत आधीच उभा करून ठेवलेला असे. क्रिकेटमध्ये त्याचा चेंडू दिसण्याआधी स्टंप पडल्याचा आवाज येई. कोणता खेळ जास्त आवडतो, असे त्याला कधी कोणी विचारले नव्हते. ते आता हेडमास्तरांनी त्याला आपल्या खोलीत बोलावून विचारले.

"गोटीराम, तुझा खेळ कोणता?"

"कोनता बी, सर."

"कोणताही म्हणजे एकही नव्हे. एक सांग."

गोटीराम विचारात पडला. "आज कोनता हाय?"

हेडमास्तरांनी डोळे मिटून घेतले. खोलीत दोन मास्तर उभे होते. एक रहेमान मास्तर, ड्रिलचे. देवळालीच्या तोफखान्यात हवालदार होते. आता शाळेचा फुटबॉल आणि सगळे देशी खेळ त्यांच्याकडे होते. दुसरे गायधनी मास्तर, संस्कृतचे. हे अंगाने इतके बारीक होते की वाऱ्याच्या दिवशी गंगेच्या पुलावरून जाताना उपरणे घट्ट धरत की स्वतःला, हे सांगता येत नसे. पण क्रिकेटवर त्यांचा जीव होता. आणि दर वर्षी माघात देवळालीच्या लष्करी कॅम्पातली शाळा त्यांच्या संघाला हरवून परत पाठवत असे. परतीच्या लॉरीत गायधनी मास्तर कोणाशी बोलत नसत.

"साहेब, पोरगं खेळतंय ते खेळू द्या की," रहेमान मास्तर म्हणाले. "पलटणीत आम्ही सगळंच खेळत होतो."

"म्हणूनच तुम्ही हवालदार राहिलात," हेडमास्तर म्हणाले.

रहेमान मास्तरांनी यावर सलाम ठोकला. गोटीराम क्रिकेटला देण्यात आला.

गायधनी मास्तरांनी शास्त्राचा धागा हातात घेतला आणि तो पुढे ओढायला सुरुवात केली. एक खेळ हे ठीक. पण क्रिकेटमध्येसुद्धा बॅटिंग, बोलिंग आणि फील्डिंग असे तीन खेळ असतात, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी गोटीरामची बॅट काढून घेतली. फील्डिंगने बोटे बधिर होतात, म्हणून चेंडू अडवायला त्याने हात लावायचा नाही असे ठरले. राहिली बोलिंग. त्यातही समोर बॅट्समन असला की नजर विचलित होते, म्हणून बॅट्समन हटवण्यात आला. एकच स्टंप, त्याच्यापुढे जमिनीवर मास्तरांचा रुमाल, आणि गोटीरामने रोज त्या रुमालावर चेंडू टाकायचा.

"बस्स? अजून काय करू?" गोटीरामने पहिल्या दिवशी विचारले.

"अजून काही करायचं नाही, हेच तर शास्त्र आहे."

बाकीची मुले मैदानाच्या दुसऱ्या टोकाला हुतूतू खेळत असत. त्यांचा आवाज आला की गोटीरामची मान तिकडे वळे, आणि मास्तर ती हळूच पुन्हा रुमालाकडे वळवीत.

एके दिवशी गोटीरामच्या तळहाताला घट्टे दिसले. मास्तर हादरले.

"हे कशाने?"

"मोटेच्या नाड्यानं."

"तू मोट हाकतोस? या हाताने?"

मास्तर तसेच मळ्यावर गेले. नवसाबाई मेथीच्या जुड्या बांधत होती. मुलाचा उजवा हात हा शाळेचा ठेवा असून त्याला मोट लावू नये, असे मास्तरांनी तिला समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले.

"बरं मास्तर. मंग मोट कोन हाकील?"

"एखादा गडी..."

"गडी असता तर पोराला लावलं असतं व्हय? वांगी सुकाया लागली तर मी त्याचं नाव काढीन शाळेतून. मंग टाकू द्या त्याला मळ्यात चेंडू."

गायधनी मास्तरांनी विहिरीकडे पाहिले. बैलांकडे पाहिले. माघ जवळ आला होता.

"मी हाकतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून रुमालावरचा सराव आटोपला की संस्कृतचे मास्तर धोतराचा काचा मारून मोटेवर उभे राहू लागले. पहिल्या दिवशी बैल उतारावरून खाली गेले ते मास्तरांना न घेताच गेले. दुसऱ्या दिवशी मोट वर आली, पण तिचे पाणी विहिरीकाठच्या थारोळ्यात न पडता मास्तरांवर पडले. बैलांना नेमके काय म्हणायचे हे त्यांना ठाऊक नव्हते. शेवटी जे तोंडात होते तेच त्यांनी म्हणायला सुरुवात केली.

"रामः, रामौ, रामाः!" आणि बैल चालू लागले. "रामम्, रामौ, रामान्!" बैल आणखी खाली गेले आणि मोट भरून वर आली.

नवसाबाई बांधावरून ऐकत होती. "मास्तर, जनावरांना शिव्या देऊ नका बरं का."

"शिव्या नव्हेत, बाई. संस्कृत आहे."

"मंग चालंल. त्यांला कळत न्हाई तेच बरं."

गोटीराम उजवा हात तेलाच्या फडक्यात गुंडाळून पेरूच्या झाडाखाली बसून राही. आपल्या बैलांना आपल्या मास्तरांनी हाकावे आणि आपण बघावे, याची त्याला इतकी लाज वाटे की तो दुसरीकडे तोंड करून बसे. एकदा न राहवून तो उठला.

"मास्तर, द्या हिकडं. घामाघूम झालात."

"बस खाली! खांदा!"

तो खाली बसला. घरी दोन भाकरी खाणारे पोर आता एकीवरच उठते, हे नवसाबाईच्या लक्षात आले. तिने दृष्ट काढली. पण दृष्ट लागलेली नव्हती. त्याला नुसता कंटाळा आला होता.

माघात संघ लॉरीतून देवळालीला गेला. कॅम्पातले मैदान मोठे होते. गवत कापलेले होते. कडेला तोफखान्यातले शिपाई बाजेवर बसून शेंगा खात होते. अंपायर म्हणून एक गोरा सार्जंट मिळाला होता. हेडमास्तर स्वतः आले होते, कारण त्यांना शास्त्राचा विजय डोळ्यांनी पाहायचा होता. रहेमान मास्तर मुलांना पाणी पाजायला आले होते.

शाळेने आधी बॅटिंग केली आणि बेताचेच रन केले. मग कॅम्पाची मुले खेळायला आली आणि गायधनी मास्तरांनी चेंडू गोटीरामच्या हातात दिला.

गोटीरामने पहिला चेंडू टाकला. तो मैदानात जिथे रुमाल असायला हवा होता, बरोबर तिथे पडला आणि स्टंप उडाला. गायधनी मास्तरांनी उपरणे हवेत फेकले. दुसरा चेंडूही तिथेच पडला. तिसराही तिथेच. चौथा आणि पाचवाही तिथेच पडले. पुढच्या ओव्हरमध्ये कॅम्पाच्या कप्तानाने जमिनीवरची ती जागा नीट पाहून घेतली, तिच्यापुढे पाय रोवला आणि चेंडू पडायच्या आत बॅट उचलून ठेवली. यानंतर गोटीरामच्या चेंडूंना जे व्हायला लागले ते पाहून शिपायांनी शेंगा बाजूला ठेवल्या आणि टाळ्या वाजवायला घेतल्या.

"दुसरीकडे टाक की रे!" संघाचा कप्तान ओरडला.

"दुसरीकडं पडंना!" गोटीराम रडकुंडीला येऊन म्हणाला. खरोखरच पडत नव्हता.

त्याला बोलिंगवरून काढून खेळपट्टीजवळ उभे केले. तिथे नवीच पंचाईत झाली. चेंडू त्याच्या पायाजवळून जाई आणि तो हात मागे बांधून बघत राही. दुसरा कोणी मुलगा धावत येऊन चेंडू उचली. दोन-चार वेळा असे झाल्यावर ते कॅम्पाच्या मुलांच्या लक्षात आले. मग ती मुद्दाम त्याच्याकडेच चेंडू ढकलून आरामात रन काढू लागली.

हेडमास्तर रहेमान मास्तरांकडे वळले. "तो चेंडू उचलत का नाही?"

"तो त्याचा खेळ नाही, साहेब," रहेमान मास्तर म्हणाले.

तरीही दुसऱ्या टोकाने विकेटी पडत गेल्या. ऊन कलले तेव्हा कॅम्पाची शेवटची जोडी खेळत होती. बरोबरीला एक रन हवा होता, जिंकायला दोन. गायधनी मास्तर सीमेवर उकिडवे बसले होते आणि मनातल्या मनात काहीतरी पुटपुटत होते.

कॅम्पाच्या बॅट्समनने चेंडू हलकेच गोटीरामकडे ढकलला आणि तो निघाला. पलीकडचाही निघाला, पण पळत नव्हता, चालत निघाला होता. सबंध दुपार तिथे रन फुकट मिळत होता.

आता मात्र गोटीरामला राहवले नाही. चार महिने बांधून ठेवलेले अंग एकदम सुटले. तो वाकला, त्याचा हात चेंडूकडे गेला, आणि सीमेवरून गायधनी मास्तरांची किंकाळी आली.

"गोट्या! हाताने नको! बोटं!"

ती किंकाळी निव्वळ सवयीने आली होती. ते मास्तरांना पुढच्याच क्षणी कळले आणि त्यांनी स्वतःचे तोंड दोन्ही हातांनी दाबून धरले. पण मास्तरांचे ऐकायचे ही गोटीरामचीही सवय होती. त्याने हात मागे घेतला. मग जे मोकळे होते ते वापरले. एक पाऊल मागे, आणि उजव्या पायाची एक लाथ.

चेंडू गवतावरून सुसाट गेला. चालत येणाऱ्या बॅट्समनने तो आपल्या जवळून जाताना पाहिला आणि मग पळायला सुरुवात केली. मधला स्टंप उडून यष्टिरक्षकाच्या पोटरीवर बसला.

कॅम्पाचा कप्तान सार्जंटकडे धावला. पायाने मारलेले चालत नाही, असे तो म्हणाला. सार्जंटने थोडा विचार केला, मिशीवर बोट फिरवले आणि ते बोट वर केले.

त्या संध्याकाळी लॉरीत गायधनी मास्तर एकसारखे बोलत होते. कोणाशी बोलतो आहोत याचे त्यांना भान नव्हते. गोटीराम मात्र पायाचा अंगठा धरून बसला होता. अंगठा सुजला होता आणि तो खुशीत होता.

सोमवारी हेडमास्तरांनी सगळ्या शाळेपुढे गोटीरामला उभे केले.

"शास्त्र खोटं ठरलं नाही," ते म्हणाले. "चूक आपली होती. आपण या मुलाला भलत्या खेळात घातलं. परवा सर्वांनी पाहिलं की याचा खरा खेळ फुटबॉल आहे. आजपासून गोटीराम फक्त फुटबॉल खेळेल. रहेमान मास्तर, घ्या ताब्यात."

गोटीरामचा चेहरा पडला. रहेमान मास्तर त्याला मैदानावर घेऊन गेले. फुटबॉल त्यांनी काखेत धरला होता.

"आता यात काय काय बंद, मास्तर?" गोटीरामने विचारले.

"बंद?" रहेमान मास्तर म्हणाले. "फुटबॉल म्हणजे काय चेष्टा आहे? दम लागतो. दमासाठी काय खेळशील?"

गोटीराम हळूच म्हणाला, "हुतूतू?"

"शाबास. चपळाईला?"

"आट्यापाट्या!"

"आणि पायांत ताकद यायला मोट हाकायची. माँ को बोल. जा, पळ."

दोन दिवसांनी गायधनी मास्तर मैदानाच्या कडेला येऊन घुटमळले. आजूबाजूला पाहून त्यांनी रहेमान मास्तरांना हळू आवाजात विचारले, "फुटबॉलच्या तयारीला... नजर लागत असेल, नाही? म्हणजे थोडं क्रिकेट..."

"थोडं कशाला? भरपूर लागतं," रहेमान मास्तर म्हणाले. "फक्त रुमाल आणू नका, मास्तर."

हेडमास्तर खिडकीतून अधूनमधून पाहत. मुलगा कधी पाट्यांत धावत असे, कधी बॅट फिरवत असे. "हे काय चाललंय?" असे ते विचारीत, आणि "फुटबॉल, साहेब," असे उत्तर आले की समाधानाने मान हलवून आत जात.

उन्हाळ्याच्या तोंडाशी शाळाखात्याचे इन्स्पेक्टर तपासणीला आले. हेडमास्तरांनी त्यांना वर्ग दाखवले, प्रयोगशाळा दाखवली आणि शेवटी मैदानावर आणून आपले शास्त्र समजावून सांगितले. इन्स्पेक्टरसाहेब वयस्कर होते, शांतपणे ऐकत होते.

"हा एक मुलगा पाहा," हेडमास्तर म्हणाले. "आमचा नमुना. हा फुटबॉलखेरीज दुसऱ्या कशालाही शिवत नाही."

गोटीराम त्या वेळी मल्लखांबाच्या बोंडावर होता. डोके खाली, पाय वर, आणि हात मोकळे.

इन्स्पेक्टरसाहेबांनी मान मागे टाकून बराच वेळ वर पाहिले. मग चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा पाहिले.

"आमच्या वेळी," ते म्हणाले, "फुटबॉल खाली जमिनीवर खेळत असत."

"हो ना," हेडमास्तर म्हणाले. "पण शास्त्र आता फार पुढे गेलं आहे, साहेब."