हात द्यायचा नाही

"एक तरी डाव जिंकून या, म्हणजे मला बोलायला तोंड राहील," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या आणि भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे पाहत राहिल्या. "नाहीतर बुद्धिबळाचा तास गणिताला द्यावा लागेल. माझ्याही हातात नाही हो."

हस्तकलेच्या सरांनी मान डोलावली. त्यांना हस्तकलेचे सर म्हणायचे ते आपले सवयीने. हस्तकलेचा तास कधीच इंग्रजीला गेला होता, त्यापाठोपाठ बागकामाचा संगणकाला. राहता राहिला बुद्धिबळाचा. तोही गेला, तर शाळा सुटल्यावर ज्यांना न्यायला घरचे उशिरा येतात, त्या मुलांजवळ बसायचे काम बाईंनी सरांसाठी काढून ठेवले होते. शिकवण्यासारखे काही उरले नाही की माणसाला राखणीला बसवतात, हे सरांना कळत होते. बाईंचा स्वभाव वाईट नव्हता. त्यांची माया वेळापत्रकात बसेल तेवढीच होती, एवढेच.

स्पर्धेला जाणारा संघ चौघांचा होता. पहिल्या पटावर वकील, कारण तो वाद घालायचा. दुसऱ्यावर जांभई. तिसऱ्यावर खोडरबर, हा विचार करताना खोडरबर चावायचा आणि कधी कधी गिळायचाही. चौथ्यावर मुंगी. ही सगळ्यांत लहान. खुर्चीवर बसली की तिचे पाय जमिनीला लागत नसत, आणि सरांनी सांगितलेला एकेक शब्द ती जपून ठेवायची.

आता सरांच्या तासाची रीत सांगायला हवी, कारण पुढचे सगळे रामायण तिच्यातूनच झाले. तास अर्ध्याच तासाचा. त्यात पेटी आणा, पट मांडा, पांढऱ्या सोंगट्या कुणी घ्यायच्या यावर भांडा. खेळ कुठे रंगात येतो न येतो तोच घंटा व्हायची. मग "मी जिंकत होतो", "नाही, मी जिंकत होते" असा दंगा, आणि शेवटी कुणीतरी रडायचेच. रडणारे मूल सरांना बघवत नसे. म्हणून त्यांनी नियम केला होता. घंटा झाली की उठून उभे राहायचे, समोरच्याशी हात मिळवायचा, "छान खेळलास" म्हणायचे आणि सोंगट्या पेटीत भरायच्या. कुणी हरत नसे, कुणी रडत नसे. शाळा बघायला आलेले पाहुणे ही शिस्त पाहून तोंडभर कौतुक करायचे. या शाळेत आजवर एकही डाव संपलेला नाही, ही गोष्ट मात्र कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. सरांच्याही नाही.

स्पर्धा एका मोठ्या सभागृहात होती. ओळीने टेबले, प्रत्येकावर दोन तोंडांचे घड्याळ, आणि पालक-शिक्षकांसाठी भिंतीलगत ताणलेली दोरी. दोरीच्या आत यायचे नाही, बोलायचे नाही, खाणाखुणा करायच्या नाहीत, असे पंचांनी बजावले. पंच उंच होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर कालची झोप शिल्लक होती.

पहिली फेरी सुरू झाली आणि सरांचा ऊर भरून आला. वकिलाने समोरच्याचा वजीर मारला होता. जांभईसुद्धा डोळे उघडे ठेवून बसली होती. तेवढ्यात मागच्या खोलीतल्या चहावाल्याने पंचांचा चहा तयार झाला म्हणून घंटी वाजवली.

चौघे एकदम उठले. चौघांनी हात पुढे केले. समोरच्या चार मुलांनी आधी आश्चर्याने आणि मग घाईघाईने ते हातात घेतले. "छान खेळलास" चार वेळा ऐकू आले. सरांच्या तोंडचे पाणी पळाले. ते दोरीखालून वाकून आत शिरेपर्यंत चारही पटांवरच्या सोंगट्या पेटीत गेल्या होत्या. खोडरबर तर शेजारच्या शाळेचा पटही आवरायला लागला होता, आणि त्या टेबलावरची दोन मुले त्याच्या हाताकडे बघत बसली होती.

"हात दिला, सोंगट्या उचलल्या," पंच म्हणाले. "याचा अर्थ डाव सोडला. चारही."

"अहो, पण हा जिंकत होता."

"जिंकत असेल. मग सोडला कशाला?"

"घंटा झाली," वकील म्हणाला.

"ती चहाची होती."

"आम्हाला काय माहीत? घंटेवर लिहिलेलं असतं का?"

वकिलाचा मुद्दा बिनतोड होता, पण गुण शून्यच राहिले.

सरांनी चौघांना जिन्याखाली नेले. ते रागावले नाहीत, ते त्यांना जमत नसे. "नीट ऐका," ते म्हणाले. "आता कसलीही घंटा होऊ दे, उठायचं नाही. आणि मी सांगेपर्यंत कुणाच्या हातात हात द्यायचा नाही. काय?"

"हात द्यायचा नाही," चौघे म्हणाले. मुंगीने ते एकदा मनातल्या मनातही म्हटले. तिचे ओठ हलताना सरांना दिसले.

दुसऱ्या फेरीत कुणी उठले नाही, पण हे आगीतून फुफाट्यात पडणे होते. कारण या वेळी डाव खरोखरच संपू लागले, आणि संपलेला डाव कसा दिसतो हे यांनी कधी पाहिलेच नव्हते.

"मात," वकिलासमोरची मुलगी म्हणाली.

"बरं. आता माझी चाल."

"तुला चालच नाही. राजा मेला तुझा. डाव संपला."

"हा काय उभा आहे. आणि संपला म्हणजे काय? घंटा कुठे झाली?"

पंचांना तीन वेळा यावे लागले. तीन वेळा त्यांनी त्याच शांतपणे समजावले की डाव घंटेने संपत नाही, राजाने संपतो. जांभईने मात झाल्यावरही बराच वेळ विचार केला आणि मग झोप काढली. खोडरबराला रडू आले. दोरीमागे उभ्या असलेल्या सरांनी मान फिरवली. इतकी वर्षे आपण या मुलांना हरण्यापासून वाचवत होतो, असे त्यांना वाटत आले होते. आता कळत होते की तेवढ्यासाठी त्यांना जिंकण्यापासूनही लांब ठेवले. त्यांना फार वाईट वाटले, आणि ते सांगायला जवळ कुणी नव्हते.

तिसऱ्या, शेवटच्या फेरीत पहिले तिघे लवकर हरले. उरली मुंगी. तिच्यासमोर चष्मा लावलेला एक गुबगुबीत मुलगा होता, आणि त्याच्याकडे उरला होता फक्त राजा. मुंगीकडे वजीर होता, हत्ती होता, आणि एक प्यादे पलीकडच्या टोकाला पोचून दुसरा वजीर झाले होते. सरांनी दोरी घट्ट धरली. हा एक डाव. एवढाच हवा होता.

मुलाने पटाकडे पाहिले, चष्मा वर सरकवला, सुस्कारा टाकला आणि शहाण्या मुलासारखा हात पुढे केला. तो डाव सोडत होता.

मुंगीने त्या हाताकडे पाहिले आणि आपले दोन्ही हात मांड्यांखाली दडवले.

मुलगा हात तसाच धरून बसला. त्याला वाटले, हिला दिसला नाही. त्याने तो आणखी पुढे केला. मुंगीने मान हलवली. पंच तिकडे दुसऱ्या टोकाला होते. सरांना राहवले नाही. त्यांनी दोरीमागून हात हलवून "घे, घे" अशी खूण केली. मुंगीने ती पाहिली, आणि सर आपल्याला आठवण करून देत आहेत असे समजून हात आणखी आत ढकलले.

"तुम्ही," पंच सरांच्या मागे येऊन म्हणाले. "खुणा करताय. बाहेर चला."

"साहेब, तो डाव सोडतोय हो."

"ते त्याचं तो बघेल. बाहेर."

दाराच्या काचेतून सरांनी पुढचे पाहिले. मुलाने हात मागे घेतला. आपला हातही घेत नाहीत म्हटल्यावर त्याचे डोळे भरून आले, पण खेळायला तर हवे, म्हणून तो राजाला एकेक घर सरकवू लागला. मुंगी दोन वजीर आणि एक हत्ती घेऊन त्याच्यामागे हिंडू लागली. शेवट कसा करायचा हे तिला कुणी शिकवले नव्हते. तिने राजाला कोपऱ्यात कोंडले, आजूबाजूची सगळी घरे बंद केली, आणि शह द्यायचा मात्र राहून गेला.

शह नाही, आणि चालायला घरही नाही. अशा वेळी डाव बरोबरीत सुटतो. अर्धा गुण. पंचांनी तसे सांगताच चष्मेवाला खुर्चीवरून उडी मारून आईकडे पळाला. तोंडाशी आलेला घास कसा जातो, ते सरांनी काचेला नाक लावून पाहिले.

"सर, मी हात नाही दिला," बाहेर येऊन मुंगी म्हणाली.

"पाहिलं मी," सर म्हणाले. "शहाणी आहेस."

याहून खरे काही बोलायचे त्यांच्या जिवावर आले. आणि यामुळेच पुढचेही घडले, कारण तो हुकूम मागे घ्यायचा राहून गेला.

सोमवारी प्रार्थनेनंतर बाईंनी चौघांना पुढे बोलावले. बाई मोठ्या मनाने म्हणाल्या, की हरलो तरी भाग घेतला हे महत्त्वाचे. त्यांनी हसून हात पुढे केला. वकिलाने हात पाठीमागे नेले. जांभईने नेले. खोडरबरानेही. बाई हसू टिकवून मुंगीपाशी आल्या.

"द्यायचा नाही," मुंगी हळूच म्हणाली. सगळ्या शाळेला ऐकू गेले.

बाईंचा हात बराच वेळ हवेत राहिला. मग त्यांनी त्याच हाताने पदर सारखा केला आणि त्या सरांकडे वळल्या.

"हे शिकवलंत?"

खरे तर तेवढेच शिकवले होते. दुपारी वेळापत्रक बदलले.

शाळा सुटल्यावर सर कोपऱ्यातल्या खोलीत बसू लागले. उशिरापर्यंत राहणारी मुले मोजकीच, आणि सगळ्यांत शेवटी जाणारी मुंगी. तिची आई दवाखान्यात नर्स होती, पाळी संपली की धावतपळत यायची. खोलीत जुन्या वह्यांचा वास यायचा. बाहेरचे मैदान रिकामे व्हायचे, शिपाई खिडक्या लावत जायचा, आणि आता पुढे काय असा प्रश्न सरांना रोज पडायचा. एकदा मुंगीने न विचारता कपाटातून पेटी काढली.

ते खेळायला बसले. बाहेर अंधारून आले. बऱ्याच वेळाने सरांच्या लक्षात आले की आपण अजून खेळतोच आहोत. शाळेची शेवटची घंटा केव्हाच होऊन गेली होती. यापुढे इथे उद्या सकाळपर्यंत घंटाच नव्हती.

मुंगीने वजीर उचलला आणि नव्या घरात जपून ठेवला. सरांनी पट पाहिला, पुन्हा पाहिला. या वेळी शह होता. घर एकही नव्हते.

"मात झाली गं," ते म्हणाले. त्यांनी हात पुढे केला.

मुंगीने दोन्ही हात मांड्यांखाली सरकवले.

"अगं, संपला डाव. जिंकलीस तू."

"तुम्ही अजून सांगितलं नाहीत ना," मुंगी म्हणाली. "देऊ?"

"दे," ते म्हणाले.

तिने हात बाहेर काढला, फ्रॉकला पुसला आणि त्यांच्या हातात दिला. "छान खेळलात, सर," असे म्हणून ती सवयीप्रमाणे भराभर सोंगट्या पेटीत टाकू लागली.

"राहू दे," सर म्हणाले. "परत मांड."