कावळ्याला दिलेला शब्द

भर उन्हात आणि उपाशीपोटी माणसाने कुणाला शब्द देऊ नये. कावळ्याला तर नाहीच नाही. मी दिला. त्यानंतर वर्षभर माझं जे झालं ते सांगतो, हसायचं तिथे हसा, माझी हरकत नाही.

वैजनाथ माझा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ. त्यांची आई लवकर गेली, त्यामुळे मनकर्णानेच (म्हणजे आमच्या मंडळींनी) त्याला कडेवर वाढवला. माझ्या लग्नात रुखवतात भांडी कमी होती आणि वैजनाथ जास्त होता. वरातीच्या जीपमध्ये तो आमच्या दोघांच्या मधे बसला, आणि पुढे तो त्याच जागी राहिला म्हटलं तरी चालेल. मोठा झाल्यावर औंढ्यात देवळाच्या रस्त्याला त्याने मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं. मागच्या खोलीत राहायचा. लग्न केलं नाही. रोज संध्याकाळी मात्र आमच्याकडे हजर, कारण आमचा टीव्ही मोठा होता आणि त्याला गेम खेळायची असायची. मी ऑफिसातून दमून यावं, बातम्या लावाव्यात, की हा यायचा आणि पडद्यावर कुणीतरी कुणालातरी आपटायला लागायचं.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर एका सकाळी त्याने दुकानाचं शटर वर केलं, छातीला हात लावला आणि पायरीवर बसला. शेजारचे लोक पाणी घेऊन येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. चौतीस हे काही जायचं वय नाही.

दहाव्याला आम्ही सिद्धेश्वरला पूर्णेच्या काठी गेलो. चुलतभाऊ रामकिशनने विधी केले, पिंड ठेवला, आणि सगळे मागे सरून कावळ्याची वाट बघू लागलो. कावळा होता. समोरच्या बाभळीवर बसून आमच्याकडे बघत होता. पण खाली यायचं नाव घेईना. मग रिवाजाप्रमाणे एकेकाने पुढे होऊन शब्द द्यायला सुरुवात केली. मेलेल्याची काही इच्छा राहिली असेल तर ती पुरी करायचं कबूल करायचं, म्हणजे कावळा शिवतो. रामकिशन म्हणाला, "वैजा, अक्काला आमी सांभाळतो." कावळा हलला नाही. कुणी म्हणालं, दुकान बंद पडू देणार नाही. कावळ्याने मान फिरवली. मनकर्णा हात जोडून म्हणाली, "बाबू, माझी काळजी करू नको रे." त्यावरही तो जागचा हलला नाही, आणि माझ्या बायकोचा चेहरा असा झाला की मला तिच्याकडे बघवेना.

वैजनाथचा दोस्त अफरोज डोक्याला रुमाल बांधून मागे उभा होता. दुकानात दोघं भागीदार. तो माझ्या कानाशी आला.

"दाजी, त्याची गेम राहिली ना."

"कसली गेम?"

"ती जपानी. मारामारीची. लास्टचा एकच राहिला होता बघा."

ऊन टाळूला लागलं होतं. बायको रडत होती. मी पुढे झालो आणि सगळ्या भावकीसमोर मोठ्याने म्हणालो, "वैजनाथ, बाबा, तुझी गेम मी पुरी करतो!"

आणि कावळा उतरला. सरळ पिंडावर. (रामकिशनने नेमकं तेव्हाच कुत्रं हाकललं होतं, हेही सांगायला हवं. पण ते सांगायची ती वेळ नव्हती.) सगळ्यांनी हात जोडले. मनकर्णाने डोळे पुसले आणि माझा दंड धरला.

"तुमी शब्द दिला हो," ती म्हणाली. "वर्षसराद्धाच्या आत पुरी झाली पायजे. न्हाईतर लेकरू अडकून राहील."

मी ऑफिसात आवक-जावक सांभाळतो. आयुष्यात कुणाच्या थोबाडीत मारलेली नाही. टीव्हीचा आवाज कमी करायचा असला तरी बायकोला हाक मारतो. आणि मला आता जपानी मारामारीत उतरायचं होतं.

ही गेम वैजनाथने कुठूनशी जुनी, मशीनसकट मिळवली होती. त्यात ते जपानी कार्टूनवाले, टोकदार केसांचे, डोळे बशीएवढे असे पैलवान एकमेकांशी लढतात. सगळा मजकूर जपानीत. वैजनाथला ते वाचता यायचं नाही, पण तो अंदाजाने चालायचा. खेळाडूंची नावं कळत नाहीत म्हणून त्याने घरातली नावं देऊन टाकली होती. वीज सोडणारी, हात आणि तोंड एकाच वेगाने चालवणारी पोरगी म्हणजे शेजारची शिला. आणि त्याचा स्वतःचा गडी म्हणजे माणिकराव. हे माझ्या दिवंगत सासऱ्यांचं नाव. कारण तो गडी पोट पुढे काढून, डोक्यावर बुचडा बांधून, सासऱ्यांसारखाच सावकाश चालायचा. इतका सुस्त गडी दुसरा कुणी निवडला नसता. पण वैजनाथ त्याच्याशिवाय कुणाला हात लावायचा नाही, आणि मनकर्णा भाकरी थापता थापता दारातून वाकून बघायची, "बाबा काय करून राहिले रे?"

पहिल्या दिवशी अफरोजने मोबाइलचा कॅमेरा पडद्यासमोर धरला. मोबाइल जपानीचं मराठी करून दाखवतो. मोबाइलने सांगितलं, "आत्मा तयार असल्यास कंबर दाबा." आम्ही एकमेकांकडे बघितलं. खाली अजून चार ओळी होत्या. एक होती "रस्ता", एक "भांडार", एक "गोंधळ" आणि एक "तपश्चर्या".

मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. गेलेल्या माणसासाठी करायचं म्हणजे तपश्चर्याच करायची. दुसरं काय निवडणार? अफरोजला दुकानातून फोन आला म्हणून तो गेला आणि मी तपश्चर्येला बसलो.

सांगायला संकोच वाटतो, पण मला ते लगेच जमलं. माझ्या माणिकरावांसमोर एक टोपीवाला म्हातारा आला. मी बटणं दाबली. माणिकरावांनी पोटाचा धक्का दिला, म्हातारा कोसळला. उठला, पुन्हा कोसळला. रोज संध्याकाळी अंघोळ करून, वैजनाथच्या फोटोला नमस्कार करून मी बसायचो आणि त्या म्हाताऱ्याला झोडपायचो. तो मला बोटही लावू शकला नाही. मनकर्णा उदबत्ती लावायची. ऑफिसात मी जरा छाती काढून चालू लागलो. साहेबांनी एक फाइल परत पाठवली तेव्हा मी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी मला पाणी हवं का विचारलं.

महिन्याभराने मला वाटलं, झालं आता. मनकर्णाने पुरण घातलं. अफरोजला जेवायला बोलावलं. त्याच्यासमोर मी म्हाताऱ्याला दाही दिशांनी लोळवून दाखवलं. अफरोज पडद्याजवळ सरकला.

"दाजी, सामनेवाला मारून काहून न्हाई राहिला?"

"घाबरतो मला."

"न्हाई दाजी." त्याने तोंडावर हात ठेवला. "ही प्रॅक्टिस हाय. तो मारतच नसतो. मार खायलाच ठेवलाय त्याला."

मनकर्णा पोळी वाढता वाढता थांबली. "म्हंजे महिनाभर तुमी त्या गरीब म्हाताऱ्याला मारत होता?"

त्या रात्री पुरणपोळी माझ्या घशाखाली उतरली नाही. (दोन उतरल्या. तिसरी नाही.)

खरी गेम "रस्ता" या ओळीत होती. दुसऱ्या दिवशी त्या रस्त्याला लागलो आणि पाचव्या श्वासाला माणिकराव आडवे. शिलाने पाडलं. पुन्हा उभे केले, पुन्हा आडवे. दरवेळी स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "पडले व्हय बाबा?" आणि मी "नाही, जरा टेकलेत" म्हणायचो. पावसाळा गेला, सोयाबीन निघालं, हळद खांद्याएवढी झाली, तरी शिला मला पुढे जाऊ देईना. खऱ्या शिलाबाईंनी एकदा गल्लीत विचारलं, "भाऊजी, माझ्याकडं असं काय बघून राहिलात?"

पण मी उठलो नाही. एक गोष्ट सांगतो. टीव्हीसमोर वैजनाथची रोज बसायची जागा होती, तिथली फरशी जरा गुळगुळीत झालेली आहे. मी तिथेच बसायचो. हातातल्या गेमच्या रिमोटची बटणं त्याच्या अंगठ्याने झिजलेली. तो होता तेव्हा मी त्याच्या शेजारी कधी बसलो नव्हतो, मागे खुर्चीत बसून बातम्यांची वाट बघायचो. तो गेल्यावर मला त्याची फार आठवण येत होती आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती. मेहुण्यासाठी रडणाऱ्या माणसाचं सांत्वन कसं करायचं हे आपल्याकडे कुणाला माहीत नाही. सगळे बायकोचंच सांत्वन करतात.

थंडी सरता सरता एकदाची शिला पडली. मग बाकीचेही पडत गेले. आणि वर्षश्राद्ध दोन दिवसांवर आलं तेव्हा माझ्यासमोर तो शेवटचा उभा राहिला. किडकिडीत माणूस. डोळ्यांवर चष्मा, हाताची घडी. अंगात लांब कोट. लढायच्या आधी तो एकच वाक्य बोलायचा, मग हाताची घडी न सोडता नुसत्या खांद्याने माणिकरावांना उडवून लावायचा. दोन्ही संध्याकाळी माझा कचरा केला त्याने.

"हा कोण आहे?" मी वैतागून विचारलं. "याला काय नाव ठेवलं होतं वैजनाथने?"

अफरोज छताकडे बघू लागला. मनकर्णा पदर चाचपू लागली.

"सांगा ना."

"दाजी," अफरोज म्हणाला.

"हां, बोल."

"न्हाई, म्हंजे... त्याचंच नाव हाय ते. दाजी."

मी पडद्याकडे बघितलं. चष्मा. हाताची घडी. कपाळाला आठ्या. मी नकळत आपल्या हाताची घडी सोडली.

"बोलतो काय तो?"

अफरोजने मोबाइल धरला. मोबाइलवर अक्षरं उमटली, "आज उशीर झाला."

हे मी रोज म्हणायचो. वैजनाथ दारात आला की चष्म्यावरून बघून म्हणायचो, आज उशीर झाला. रागाने नाही हो. तो येईपर्यंत मी जेवायला बसत नव्हतो, एवढाच त्याचा अर्थ होता. पण हे दरवेळी समजावून कोण सांगतं?

"त्याला एवढा राग होता माझा?" मी विचारलं.

"राग?" मनकर्णा माझ्याजवळ फरशीवर येऊन बसली. "अहो, येक डाव हा दाजी आता पडतो का मग पडतो असा झाला होता. येक बुक्की बाकी. आन् वैजानं रिमोट खाली ठेवला. मी म्हनलं, मार की. तर म्हने, अक्का, याला पाडलं की गेम संपली. मंग उद्या काय सांगून येऊ तुमच्याकडं?"

"काय सांगून म्हणजे?" मी म्हणालो. "घर होतं त्याचं."

"त्याला म्हाईत होतं. तरी बी मानसाला कारन लागतं."

पडद्यावर दाजी हाताची घडी घालून उभा होता. मला चष्म्याच्या काचा पुसाव्या लागल्या.

"मला नाही मारवत याला," मी म्हणालो.

"तुमी कवा मारला? त्यानंच तुमाला मारलं," मनकर्णा म्हणाली. "पर शब्द दिलाय कावळ्याला. उद्या तोंड काय दाखवायचं? इकडं द्या ते."

तिने माझ्या हातातून रिमोट घेतला. पदर खोचला. आणि मग जे झालं ते बघून अफरोज उभाच राहिला. माणिकराव चक्क पळाले. पोटावर पडले, उठले, उलटे फिरले, आणि बुचड्याने दाजीच्या हनुवटीत अशी दिली की चष्मा उडाला. (मी ऑफिसात असताना दुपारी घरात काय चालायचं ते मला त्या दिवशी कळलं.) एक बुक्की उरली तेव्हा ती थांबली. फोटोकडे बघितलं. "बाबू, संपवते रे," म्हणाली, आणि बटण दाबलं.

दाजी पडला. जपानी गाणं लागलं. काळ्या पडद्यावर कुणाकुणाची नावं खालून वर जाऊ लागली, एकही वाचता येत नव्हतं, आणि आम्ही तिघं ती शेवटपर्यंत वाचत बसल्यासारखे बसलो. मनकर्णा हुंदके देऊन रडली. मी पण रडलो. अफरोज बाहेर जाऊन आला.

गाणं थांबलं. पडदा उजळला. आणि माणिकराव पोट पुढे काढून पहिल्यासारखे उभे होते.

मनकर्णाने नाक पुसलं. "हे पुन्हा सुरू व्हतं व्हय?"

"व्हतं ना अक्का. कितीबी येळा."

दुसऱ्या दिवशी वर्षश्राद्धाला कावळा पान ठेवायच्या आतच आला. (भजी होती.) मी त्याला मनातल्या मनात खरं काय ते सांगून टाकलं, की शब्द माझा होता पण हात हिचा. त्याने भजं उचललं आणि गेला.

परवा ऑफिसातून यायला अंधार पडला. दारातच टीव्हीचा दणदणाट ऐकू आला. वैजनाथच्या जागेवर मनकर्णा मांडी घालून बसली होती, शेजारी अफरोज चहाची वाट बघत होता, आणि पडद्यावर दाजीचा चष्मा तिसऱ्यांदा का चौथ्यांदा उडाला होता. मी चपला काढल्या. तिने मान वळवली नाही.

"आज उशीर झाला," ती म्हणाली. "बसा तिथं खुर्चीत. तुमाला एकदा आडवं करते, मग चहा टाकते."