शेजारचा पोपट

शेजारचे घड्याळजी वारले आणि त्यांच्याकडे नेहमी येऊन-जाऊन असणारी बहीण परगावाहून येईपर्यंत त्यांचा पोपट मॅडमच्या गॅलरीत आला. मॅडम होणाऱ्या शिक्षकांना मानसशास्त्र शिकवत. माणूस कसा शिकतो, या विषयात त्यांचा हात धरणारं कॉलेजात कुणी नव्हतं. पोपटाची काय कथा!

पहिल्याच संध्याकाळी, दिवे लावायच्या आधी, गॅलरीतून घड्याळजींचा आवाज आला, "आलीस का?"

तोच घोगरा सूर, शेवटी तीच धाप. मॅडमच्या यजमानांचा कप बशीवर खणखणला.

"अगं, ते गेलेत ना नक्की?"

"तुम्हीच गेला होतात ना पोचवायला? पोपट आहे तो. सवय लागलीय, मोडता येते. गप्प बसला की शेंगदाणा द्यायचा. बक्षीस मिळालं की वागणं पक्कं होतं."

पोपट हुशार निघाला. गप्प बसण्याचं बक्षीस हवं तर आधी बोलायला हवं, हे त्याने ताडलं. तो "आलीस का?" म्हणे, चटकन गप्प होई आणि चोच पुढे करी. दाणे भरवून भरवून यजमान मेटाकुटीला आले.

मग मॅडमनी दाण्याआधी दाराची बेल वाजवायला सुरुवात केली. बेलशी दाण्याचा संबंध जुळला की तो प्रश्न विसरेल, असा त्यांचा होरा. पोपट बेल शिकला. म्हणजे हुबेहूब वाजवायलाच शिकला. यजमान दार उघडत. जिन्यात चिटपाखरू नसे. आणि पाठीमागून, अगदी मानेजवळ आल्यासारखा, मेलेला माणूस विचारी, "आलीस का?"

यजमानांनी दार उघडणंच सोडलं. त्यामुळे खुद्द प्राचार्य आले तेव्हा बराच वेळ बाहेर ताटकळले. आत येऊन टेकतात न टेकतात तोच आवाज आला.

"कोण आहे आत?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही, सर," यजमान म्हणाले.

"मग बोललं कोण?"

"शेजारचे. वारले ते."

प्राचार्य चहाला थांबले नाहीत.

"आता संपूर्ण दुर्लक्ष," मॅडमनी जाहीर केलं. "प्रतिसाद मिळाला नाही की वागणं आपोआप विझतं."

ते विझेना. आवाज खाली उतरला, कळवळू लागला. "आलीस का गं... आलीस?" अंधारत्या गॅलरीकडे पाठ करून बसणं मॅडमनी नकळत सोडून दिलं.

"एकदा हो म्हणून टाक ना," यजमान काकुळतीला आले.

"प्रयोग बिघडेल," मॅडम म्हणाल्या.

अखेर एका संध्याकाळी बहीण आली. पिशवी खाली ठेवते तोच गॅलरीतून प्रश्न आला. बाईंचे डोळे भरले. त्या पिंजऱ्यापाशी गेल्या आणि दर खेपेला म्हणत तशाच म्हणाल्या, "आले रे, दादा."

पोपट स्तब्ध झाला. इतक्या दिवसांत कुणी उत्तरच दिलं नव्हतं, हे मॅडमच्या आत्ता ध्यानात आलं. त्या नीट ऐकू यावं म्हणून दोन पावलं पुढे सरकल्या.

पोपटाने मान वळवली. एक डोळा मॅडमवर रोखला आणि घड्याळजींच्या आवाजात, पण अगदी दबकून, तो म्हणाला, "दार लाव आधी. ती शेजारीण ऐकतेय."

मॅडम वळल्या, बाहेर गेल्या आणि आपल्याच घराचं दार त्यांनी बाहेरून अलगद लावून घेतलं.